जीप कुठून गळते

संपादकांचं म्हणणं असं, की पावसाळ्यात घाटात जाणाऱ्या जीपवाल्यांवर सगळेच लिहितात. त्या गाड्या परत आल्यावर त्यांचं काय होतं ते कुणी लिहीत नाही. म्हणून महाडजवळ, हायवेला लागून असलेल्या एका गॅरेजात जाऊन बसलो. वर महाबळेश्वर, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. जवळच वरंध आणि आंबेनळी घाट. गळक्या गाड्यांना इथे तोटा नाही. मेस्त्री साठी ओलांडलेले. इंजिनाची कामं मुलगा बघतो. ते स्वतः आता फक्त पाण्याची कामं घेतात.

जीपची कुळकथा थोडक्यात सांगतो, कारण दोष तिथूनच सुरू होतो. १९४०मध्ये अमेरिकन सैन्याला एक हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. तिला दारं नव्हती, छत कॅनव्हासचं, आणि पुढची काच चौकटीसकट बोनेटवर आडवी पाडता येई. स्वातंत्र्यानंतर महिंद्रानं विलीज कंपनीची ही जीप आपल्याकडे जोडायला घेतली आणि तिचा वंश वाढत गेला. २०१०मध्ये थार आली, २०२०मध्ये तिची दुसरी पिढी. या नव्या गाडीच्या माहितीपत्रकात ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता, धुता येणारी फरशी आणि ती धुतल्यावर पाणी काढायला तळाला बुचं, असं सगळं आहे. मूळ जीपनं कोरडं ठेवायचं वचन कधी दिलंच नव्हतं. ते वचन नंतर गालिचा, एसी आणि सीटखालच्या वायरिंगनं परस्पर देऊन टाकलं.

मेस्त्रींकडे गाडी आली की ते आधी पाण्याची चौकशी करतात, गाडीची नंतर. पाणी स्वच्छ आहे आणि पुढच्या डाव्या पायाशीच साचतंय? पाऊस नसतानाही? मग एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली; तारेनं साफ करायची, चहा होईपर्यंत काम संपतं. पाणी बोटांना चिकट लागतं, वास गोडसर आहे, काचेवर आतून तेलकट धुकं धरतं? मग ते पावसाचं नाहीच, हीटरमधलं कूलंट आहे. ‘चाखून बघायचं नाही हां,’ हे ते प्रत्येकाला बजावतात. कूलंट विषारी असतं आणि गोड चवीमुळे कुत्रीही ते चाटतात.

खरी मजा उरलेल्या गाड्यांत. कौलारू घरात पाणी वाशावरून चार हात सरकून भलत्याच खोलीत ठिबकतं, तसंच इथेही. काचेच्या चौकटीच्या कोपऱ्यातून शिरलेला थेंब पत्र्याच्या दुमडीतून, वायरींच्या अंगानं उतरत मागच्या सीटखाली जमतो. गाडीवाला मागचं दार दाखवत असतो.

म्हणून त्यांची पद्धत संथ आहे. सीटा आणि गालिचे काढायचे, गाडी पूर्ण वाळवायची, संशयाच्या जागी पत्र्यावर पांढरी पावडर भुरभुरायची. मग पोऱ्याला टॉर्च देऊन आत बसवायचं आणि बाहेरून नळी लावायची. ती जोरात सोडायची नाही. धुण्याच्या पंपाचं पाणी जिथे पाऊस कधी जाणार नाही तिथेही घुसतं आणि भलतंच भोक दाखवतं. सुरुवात खालून. आधी दाराचा तळ, मग बिजागऱ्या, मग काचेची खालची कड, सगळ्यात शेवटी छत. वरून सुरुवात केली तर एकच ओघळ सगळ्या सांध्यांवरून वाहतो आणि गुन्हेगार कोण ते कळत नाही. प्रत्येक जागी पाणी धरून थांबायचं. मी कंटाळून दोनदा बाहेर जाऊन आलो. मेस्त्री नळी धरून तसेच उभे होते.

‘आलं!’ आतून पोऱ्या ओरडला. पावडरीत एक करडी रेघ उमटली होती.

ती जुनी, पाडता येणाऱ्या काचेची जीप होती. चौकट आणि तिच्याखालचा काउलचा पत्रा यांच्यामध्ये एक लांब रबर असतं, आणि सगळा भार त्याच्यावर. चाक खड्ड्यात उतरलं की चॅसी पिळली जाते, तिच्यामागे बॉडीही थोडी वळते, आणि हा सांधा किंचित उघडून पुन्हा मिटतो. गाडी उभी असताना त्यातून थेंब येत नाही, घाटात येतो. म्हणून मेस्त्रींनी एक चाक जॅकवर उचलून पुन्हा पाणी मारलं होतं. ही युक्ती मला फार आवडली. रबर उन्हानं कडक होऊन बसलं होतं; दाबून सोडलं तरी परत फुगत नव्हतं. नवं बसवताना त्यांनी त्याला इंजिन ऑइलचा हात लागू दिला नाही. दारांना आणि काचांना आज बहुधा ज्या जातीचं रबर येतं ते खनिज तेलानं फुगून पोचट होतं; लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस.

पण सिलिकॉन या शब्दावर त्यांचा राग आहे. ग्रीसवर नाही, नळकांड्यातल्या लुकणावर. बाथरूमला मारतात ते आंबट वासाचं स्वस्त सिलिकॉन लोक घरीच फासून येतात. सुकताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, उघडा पत्रा गंजायला लागतो, आणि नंतर त्या जागी रंग धरत नाही. अर्धं काम खरवडण्याचंच होतं.

त्याहून वाईट म्हणजे बंद करू नयेत ती भोकं बंद होतात. पुण्याहून आलेल्या एका तरुणानं दारांच्या खालच्या कडेची भोकं बुजवून टाकली होती. ‘दादा, तिथूनच तर पाणी यायचं ना?’ मेस्त्रींनी दाराचं आतलं पॅड उघडून दाखवलं. खिडकीची काच खाली-वर होते त्या फटीतून पावसाचं पाणी दारात शिरणारच, ते धरूनच दार केलेलं असतं. ते तळाच्या भोकांतून निघून जातं. आतल्या बाजूला चिकटवलेला प्लास्टिकचा कागद ते पॅडपर्यंत येऊ देत नाही. इथे स्पीकर बसवणाऱ्यानं तो कागद फाडला होता. पाणी आत आलं, मालकानं भोकं बुजवली, आता दार पोटात पाणी धरून गंजत होतं. कागद पुन्हा चिकटवला, भोकं मोकळी केली. तरुणाला पटलेलं दिसलं नाही. भोक दिसतंय आणि ते उघडं ठेवायचं, हे मनाला पटवणं कठीणच आहे.

अडचणी विचारल्या तेव्हा मेस्त्री बोलायला लागले ते थांबेनात. गाड्यांवर आता प्रत्येक जण काहीतरी ठोकतो: छतावर कॅरियर, काचेवर दिव्यांची पट्टी, बोनेटच्या बाजूला हवेचा उंच पाइप. प्रत्येकासाठी ड्रिल, आणि ड्रिलनंतर कापलेल्या कडेला रंग कुणी लावत नाही. बाजारातलं दारांचं रबरी बीडिंग दिसायला सारखं, पण आकार किंचित वेगळा. दारात कागदाची पट्टी धरून ओढली की सहज सुटून येते. नदीत गाड्या घालणाऱ्यांचं दुखणं निराळंच. तापलेला ॲक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, आणि त्याच्या श्वासाची नळी चिखलानं बंद असेल तर तो सीलमधून पाणी ओढतो. तेल दुधाळ होतं. बाहेर एक थेंबही दिसत नाही, मालक खूश असतो, आणि बेअरिंग जातं.

आणि पूर. जुलै २०२१मध्ये महाड पाण्याखाली गेलं, तेव्हाच्या काही गाड्या त्यांनी घेतल्या होत्या. पाणी निघालं, गाळ निघाला नाही. वायरींच्या सॉकेटांत, दाराखालच्या पत्र्याच्या पोकळीत तो राहिला, ओल धरत राहिला, आणि वर्षभरानं एकेक दिवा, एकेक सेन्सर बंद पडत गेला. आता बुडालेली गाडी ते घेत नाहीत.

मुलाला हे काम नको आहे, आणि त्याचं कारण मला चुकीचं वाटत नाही. इंजिनाच्या कामाला दर आहे. इथे दिवस जातो शोधण्यात आणि दुरुस्ती होते अर्ध्या तासात. गिऱ्हाईक पैसे देतं ते अर्ध्या तासाचे. त्या जुन्या जीपचं बिल माझ्यासमोर झालं. मेस्त्रींनी लिहिलं, ‘काचेखालचं रबर, १ नग’, आणि खाली मजुरी. मालक मजुरीच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाला, ‘मेस्त्री, एक रबर तर बदललंत!’