विषमता मोजता, मग जात का विचारत नाही?

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने मोठ्या अभिमानाने जाहीर केले की, भारत हा समतेत जगातला चौथ्या क्रमांकाचा देश आहे. दाखला जागतिक बँकेचा. आमच्या अनेक वाचकांनी कपाळावर हात मारला असेल. पण नुसत्या संतापाने भागणार नाही. हा आकडा आला कोठून, हे समजून घ्यावे लागेल. कारण उद्या शिष्यवृत्ती किंवा आरक्षणाचा विषय निघाला की हाच आकडा आपल्या तोंडावर फेकला जाईल.

हा आकडा ‘गिनी गुणांका’चा. इटलीच्या कोराडो गिनी याने तो १९१२ मध्ये मांडला. (हे गृहस्थ पुढे फॅसिझमचे समर्थक झाले, हे जाता जाता.) सर्वांचा वाटा सारखा असेल तर गिनी शून्य, सगळे एकाच्याच घरात असेल तर शंभर. भारताचा आला २५.५. पण तो उत्पन्नाचा नाही, मालमत्तेचाही नाही. घरोघर विचारलेल्या खर्चाचा आहे! उद्योगपती काही शंभर माणसांचे जेवण जेवत नाही. त्याचा उरलेला पैसा भूखंडात, शेअरमध्ये जातो आणि या हिशेबात येतच नाही. उलट आमचा ऊसतोड मजूर कमावलेले सगळे खर्चतो, वर दवाखान्यासाठी मुकादमाकडून उचल घेतो. ती उचलही दवाखान्यात गेली की ‘खर्च’ म्हणून मोजली जाते. म्हणजे माणूस कर्जात जितका बुडेल, तितका कागदावर श्रीमंताच्या जवळ सरकतो!

आकडेवारीच्या मर्यादांमुळे विषमता कमी दिसत असावी, असे जागतिक बँकेच्या त्याच टिपणात नमूद आहे. उत्पन्नाचा गिनी २००४ मध्ये ५२ होता, तो २०२३ मध्ये ६२ झाला, हा जागतिक विषमता कोशाचा आकडाही तिथेच आहे. ती ओळ कोणी मिरवली नाही.

बरे, उत्पन्न अचूक मोजले तरी गिनीचा मूळ दोष जात नाही. त्याला माणसांची नावे कळत नाहीत. वरच्या दहा आणि खालच्या दहा माणसांनी जागा बदलल्या तरी गिनी तोच! तळाशी दरवर्षी वेगळी माणसे असोत की पिढ्यान्‌पिढ्या एकाच वस्तीतली, त्याला फरक पडत नाही. बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता या मापात मावतच नाही.

ती मोजायची तर कोणत्या पायरीवर कोण, हे विचारावे लागते. डॉ. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये सरकारच्याच कर्ज व गुंतवणूक पाहणीवरून ते विचारले. सुमारे २२ टक्के असलेल्या हिंदू उच्च जातींकडे देशाची ४१ टक्के संपत्ती निघाली. अनुसूचित जाती २०११ च्या जनगणनेत १६.६ टक्के; त्यांच्याकडे ७.६ टक्के. या संपत्तीत मोठा वाटा जमीन आणि घरांचा. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह का केला, हे ज्यांना अजून कळले नसेल त्यांनी हा तक्ता पाहावा. त्याआधी २००७ मध्ये थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी दुसरा प्रयोग छापला होता. पात्रता सारखी, आडनावे वेगळी, असे अर्ज खासगी कंपन्यांना पाठवले. दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीयाच्या सुमारे दोन-तृतीयांश भरली. गुणवत्तेचे गोडवे गाणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

देशपातळीवर १९३१ नंतर सर्व जातींची मोजणी प्रसिद्ध झालेली नाही. २०११ मध्ये गोळा केलेली जातीची माहिती दडवूनच ठेवली गेली. आता २०२७ च्या जनगणनेत जात विचारण्याचा निर्णय ३० एप्रिल २०२५ रोजी झाला. पण घर, नळ, संडास, वाहन यांची नोंद पहिल्या टप्प्यात आणि जातींची मोजणी दुसऱ्या टप्प्यात. हे दोन्ही तक्ते जोडले नाहीत, तर आपल्या हाती फक्त डोकी येतील. म्हणून आमची मागणी आहे की घर, शिक्षण आणि रोजगार यांचे जातवार तक्ते तालुक्यापर्यंत छापा. आणि कर्ज व गुंतवणूक पाहणीतला ‘इतर’ नावाचा गठ्ठा सोडून, त्यात कोणकोण बसले आहे ते एकदा दाखवा.