गाव एक, पत्ते दोन
(लेखमाला : डेटाबेस आतून — लेखांक 7)

मागच्या आठवड्यात आपण एक टेबल उघडून पाहिले. आज टेबलांच्या यादीकडे वळू. डेटाबेसमध्ये कोणती टेबले आहेत, त्यांत कोणते रकाने आहेत, कोणता रकाना दुसऱ्या कोणत्या टेबलाकडे बोट दाखवतो, ही सगळी मोजदाद डेटाबेस स्वतःच ठेवत असतो. प्रोग्रामला ती हवी असेल, तर लायब्ररीने ती कोणत्या रूपात हाती द्यावी, हा आजचा प्रश्न.

सीमेपलीकडे किनवटला तलाठ्याचे दप्तर गाव नमुना 1 ते 21 असे लावलेले असते. सातबारा म्हणजे त्यातले सातवा आणि बारावा नमुना. नमुन्यांची ही यादी कोणाची जमीन किती ते सांगत नाही. ते कोणत्या कागदात सापडेल, एवढेच सांगते. आपल्याकडे आदिलाबादेत कागदाचे नाव पहाणी, पण दप्तराची गरज तीच. डेटाबेसचे संशोधक एडगर कॉड यांनी 1985 साली मांडलेल्या नियमांत हेही होते, की डेटाबेसने आपली यादी टेबलांच्याच रूपात ठेवावी आणि ज्या भाषेत माहिती विचारतो त्याच भाषेत तीही विचारता यावी. 1992 च्या एसक्यूएल मानकात या यादीला ‘इन्फर्मेशन स्कीमा’ हे नाव मिळाले. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये ती आहे. ओरॅकलची रचना वेगळी, एसक्यूलाइटची त्याहून वेगळी. हा फरक प्रोग्रामरच्या डोक्यावर येऊ नये म्हणून लायब्ररी लागते. जावात जेडीबीसी हे काम करते, पायथनमध्ये एसक्यूएलअल्केमी.

लायब्ररी लिहायला बसलेला माणूस पहिली चूक करतो ती नावाच्या बाबतीत. ‘गाव’ नावाचे टेबल दिसले की ‘गाव’ हीच त्याची ओळख मानून तो पुढे जातो. मीही सुरुवातीला तसेच केले होते. दोन स्कीमांमध्ये, म्हणजे टेबलांच्या दोन गटांमध्ये, एकाच नावाची टेबले होती, दुसऱ्याने पहिल्याला मुकाट्याने पुसून टाकले, आणि ते कळायला मला दोन दिवस लागले.

आपल्या भागातल्या माणसाने तरी ही चूक करू नये. जुन्या अखंड आदिलाबाद जिल्ह्याच्या कडेला, जिवती तालुका आणि केरामेरी मंडल यांच्या सीमेवर, परमडोली, मुकदमगुडा अशी गावे आहेत. त्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांचा दावा आहे. तिथल्या कितीतरी लोकांकडे रेशनकार्डे दोन, मतदार ओळखपत्रे दोन. महाराष्ट्राच्या यादीतले परमडोली आणि तेलंगणाच्या यादीतले परमडोली या दोन वेगळ्या नोंदी आहेत. राज्याचा सांकेतिक क्रमांक एकीकडे 27, दुसरीकडे 36. जमिनीवर गाव एकच असले, तरी दप्तर ठेवणाऱ्याने त्या दोन नोंदी आपल्या मनाने एक करायच्या नसतात. डेटाबेसमध्ये राज्य, जिल्हा, मंडल यांच्या जागी कॅटलॉग, स्कीमा, टेबल येते. हा पूर्ण पत्ता हीच टेबलाची ओळख, आणि लायब्ररीतल्या वस्तूने तो सोबत बाळगलाच पाहिजे.

आता दुवे. गावाच्या नोंदीत मंडलाचा क्रमांक असतो आणि मंडलाच्या नोंदीत मुख्यालयाचे गाव. गाव पूर्ण करायला मंडल हवे, मंडल पूर्ण करायला गाव हवे. त्यामुळे वाचन दोन फेऱ्यांत करावे : आधी सगळी टेबले रिकाम्या चौकटीसारखी उभी करायची, मग त्यांच्यात दुवे ओवायचे. दुवा ‘मंडल’ या अक्षरांचा नको, त्या टेबलाच्या वस्तूचाच हवा. म्हणजे एका टेबलावरून दुसऱ्यावर सरळ जाता येते.

सगळ्यात जास्त जपावे ते ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांतले अंतर. रकाना रिकामा चालेल का, या प्रश्नाला जेडीबीसी तीन उत्तरे ठेवते : चालेल, चालणार नाही, ठाऊक नाही. हे तिसरे उत्तर मला फार मोलाचे वाटते. पोस्टग्रेसची इन्फर्मेशन स्कीमा विचारणाऱ्याला त्याच्या अधिकारातलीच टेबले दाखवते. यादी रिकामी आली म्हणून ‘टेबले नाहीत’ असे लायब्ररीने कळवले, तर ती खोटे बोलली. अनेक लायब्रऱ्या या दोन्ही गोष्टींसाठी एकच रिकामी यादी देतात, आणि पुढचा सगळा हिशेब त्या रिकामेपणावर उभा राहतो.

राहिला बदलाचा प्रश्न. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा राजुरा आदिलाबादेतून नांदेडला गेले आणि 1959 साली चांद्याला. 11 ऑक्टोबर 2016 रोजी उरलेल्या आदिलाबाद जिल्ह्याचेही चार झाले. राजुऱ्याची जमीन तिथेच होती, बदलला तो पत्ता. टेबलांचेही असेच होते. कालची यादी आजच्या यादीशी ताडून पाहिली आणि लायब्ररीकडे फक्त पत्ता असला, तर नाव बदललेले टेबल तिला ‘एक गेले, एक नवे आले’ असे दिसते. त्या समजुतीवर कोणी बदलाची आज्ञा चालवली तर जुने टेबल माहितीसकट पुसले जाते. पोस्टग्रेस प्रत्येक टेबलाला ओआयडी नावाचा आतला क्रमांक देतो आणि नाव बदलले, स्कीमा बदलली तरी तो कायम राहतो. इन्फर्मेशन स्कीमेत हा क्रमांक मिळत नाही. तो पोस्टग्रेसच्या स्वतःच्या पीजी कॅटलॉगमधून वाचावा लागतो. म्हणून पोस्टग्रेससाठी लिहिताना मी मानक यादी वाचून थांबत नाही. पत्त्याशेजारी ओआयडीसाठी एक जागा ठेवतो, आणि जो डेटाबेस असा क्रमांक देत नाही, त्याच्यासाठी तिथे ‘ठाऊक नाही’ असे लिहितो.