दोन कार्डे आणि एक खिसा

दिवाळी जवळ आली की घरातल्या मुलांना काय घेऊन द्यावे, हा प्रश्न आपल्यासारख्या मध्यमवर्गीय घरात उभा राहतोच. एके काळी तो सायकल की घड्याळ एवढ्यावर मिटत असे. आता तो ‘ग्राफिक्स कार्ड’ नावाच्या वीतभर लांबीच्या वस्तूपाशी येऊन अडतो. दुकानदार आकडे सांगतो, मुले त्याहून मोठे आकडे सांगतात, आणि ज्याला पैसे मोजायचे तो गृहस्थ मधल्यामध्ये गप्प उभा असतो. त्या गृहस्थाची बाजू घेऊन मी हा लेख लिहीत आहे.

२०२३ सालच्या दिवाळीपूर्वी आमच्या दादांवर हाच प्रसंग आला. त्यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचे वर्षभराचे काम संगणकावर चित्रित करायचे होते. दादा निवृत्तीला आलेले. वहिनींनी घराला रंग देण्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे पुढे केले. पण खरेदी एकदाच होणार होती. निवड दोन कार्डांत होती, आणि दोन्ही एनव्हिडिया कंपनीची: आरटीएक्स ३०६० आणि आरटीएक्स ४०६०.

“मोठा आकडा घ्या, म्हणजे झाले!” असे आमचे चिरंजीव म्हणाले. त्यांच्याकडे ४०६० होते. मला ते इतके सोपे वाटले नाही.

आकड्यांचा संसार

३०६० बाजारात आले ते फेब्रुवारी २०२१ मध्ये. अमेरिकेत जाहीर झालेली त्याची किंमत ३२९ डॉलर. ४०६० आले जून २०२३ मध्ये, २९९ डॉलरला. धाकटे भावंड थोरल्यापेक्षा स्वस्त! थोरल्यात हिशेब करणारे ३,५८४ कोअर आहेत, धाकट्यात ३,०७२. मात्र थोरल्याची गती सेकंदाला सुमारे १७८ कोटी ठोक्यांपर्यंत जाते, तर धाकट्याची २४६ कोटींपर्यंत.

आता स्मरणशक्ती, म्हणजे मेमरी. ३०६० मध्ये १२ जीबी, ४०६० मध्ये ८. मेमरीकडे जाणारा रस्ता पहिल्यात १९२ बिटांचा, दुसऱ्यात १२८ बिटांचा. परिणामी पहिल्यात सेकंदाला ३६० जीबी माहितीची ने-आण होऊ शकते, दुसऱ्यात २७२. ही उणीव भरून काढण्यासाठी ४०६० ला २४ एमबीची कॅश दिली आहे. ३०६० ची अवघी ३ एमबी.

हे सारे मी वहिनींना फराळाच्या भाषेत सांगितले. कोअर म्हणजे लाडू वळणाऱ्या बायका. गती म्हणजे त्यांच्या हाताची चपळाई. मेमरी म्हणजे ओटा. आणि कॅश म्हणजे हाताशी ठेवलेला मिसळणाचा डबा. डबा मोठा असला की दर वेळी कोठीपर्यंत जावे लागत नाही.

“म्हणजे भाऊजी, एकीचे हात चपळ आणि दुसरीचा ओटा मोठा, असेच ना?” वहिनी म्हणाल्या.

याहून नेमके वर्णन मी कुठे वाचलेले नाही.

खेळात कोण पुढे?

नेहमीच्या १९२० बाय १०८० पडद्यावर बहुतेक खेळांत ४०६० सुमारे १५ ते २० टक्के पुढे राहते. शिवाय त्याच्याकडे एक युक्ती आहे: दोन चित्रांच्या मधले चित्र ते स्वतःच कल्पनेने रचते. एनव्हिडियाची ही सोय ३०६० ला मिळत नाही. तिने हालचाल नितळ दिसते खरी, पण बटण दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद त्या मानाने जलद होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

विजेच्या बाबतीतही धाकटे काटकसरी. पूर्ण जोरात चालताना ३०६० ला १७० वॅट लागतात, ४०६० ला ११५. रोज सहा तास असे काम घेतले, तर महिन्याला सुमारे दहा युनिटांचा फरक पडतो. कार्ड थंड ठेवणेही त्यामुळे सोपे जाते.

ओटा भरला की

मग ३०६० ची शिफारस कोणी का करावी? याचे उत्तर पुतणीच्या कामानेच दिले. तिने एका जुन्या वाड्याचा देखावा रचला होता: कोरीव खांब, तुळशीवृंदावन, कौलावरचे शेवाळ. चिरंजीवांच्या संगणकावर तिची लहान दृश्ये झरझर तयार झाली. पण संपूर्ण वाडा एकदम घालताच मेमरी अपुरी असल्याची सूचना आली आणि काम थांबले.

मी तिला म्हटले, “तुझा वाडा पेन ड्राइव्हवर घे आणि चल दुकानात.” दुकानदार भला निघाला. त्याने ३०६० बसवलेल्या संगणकावर तेच काम लावून दाखवले. सावकाश, पण शेवटपर्यंत गेले. पुतणी पडद्याकडे पाहत हळूच म्हणाली, “काका, वृंदावनावरचा उजेडसुद्धा आला!” दादांनी मग पुढे काही विचारले नाही. ३०६० घरी आले, रंग एक वर्ष लांबला, आणि तिचा वाडा परीक्षेपूर्वी पुरा झाला.

खरेदीपूर्वी तीन सूचना

पहिली: नावावर जाऊ नका. २०२२ च्या अखेरीस ३०६० याच नावाचे ८ जीबीचे कार्डही निघाले. त्याचा रस्ता १२८ बिटांचा, आणि ने-आण सेकंदाला अवघी २४० जीबी. पेटीवरचा ‘१२ जीबी’ हा शब्द स्वतः वाचावा.

दुसरी: संगणक जुना असेल तर ४०६० घेताना थोडा विचार करावा. मदरबोर्डशी बोलायला ३०६० सोळा वाटा वापरते, ४०६० आठच. नव्या मदरबोर्डवर ते जाणवत नाही; जुन्यावर, विशेषतः मेमरी भरल्यावर, जाणवते.

तिसरी: वापरलेले कार्ड जपून घ्यावे. इथेरियम हे आभासी चलन मिळवण्यासाठी लोकांनी अशी कार्डे रात्रंदिवस राबवली. त्याला आळा घालण्यासाठी ३०६० वर खास मर्यादाही घातलेली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची ती पद्धत बंद झाली आणि राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. पंख्याचा आवाज ऐकल्याशिवाय आणि तासभर चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मे २०२५ मध्ये ५०६० आले, आणि त्यातही मेमरी ८ जीबीच आहे. म्हणजे आकडा वाढला म्हणून ओटा वाढतोच असे नाही. मूल मुख्यतः खेळणार असेल तर चपळ हात घ्यावेत. मोठी दृश्ये रचणार असेल तर ओट्याची लांबी आधी मोजावी. आणि दुकानात जाताना पैशांबरोबर मुलाचे कामही बरोबर न्यावे.