रॅकेटच्या अंगावर २४० किलो!

तुझ्या बॅडमिंटनच्या रॅकेटचं वजन किती असेल, ओळख पाहू! चांगली रॅकेट असेल, तर जेमतेम ८५ ग्रॅम.

आता खरा प्रश्न. ही हडकुळी रॅकेट किती ओढ सोसत असते? एक किलो? दहा किलो? छे! जवळजवळ २४० किलो! थापा नाही मारत. चल, हिशोबच करू.

इंदुरात गटिंग करायला, म्हणजे रॅकेटला तारा बांधून घ्यायला गेलं, की दुकानातले काका आधी विचारतात, ‘भिया, कितने पाउंड?’ पाउंड म्हणजे वजनाचं एक माप, साधारण ४५० ग्रॅमचं. आपण म्हटलं २४, की मशीन प्रत्येक तार ११ किलोच्या जोराने ओढतं. अकरा किलो पोह्यांची पिशवी एका तारेला टांगायची, तेवढा जोर! आणि तार केवढी? फक्त ०.७ मिलिमीटर जाड!

अशा उभ्या तारा असतात साधारण २२. कर गुणाकार. आलं ना उत्तर? शिवाय आडव्या तारा वेगळ्याच! म्हणून तर मशीनवर रॅकेटला चहूबाजूंनी पकडून ठेवतात. नुसत्या उभ्या तारा ओढून तिला सोडून दिलं, तर बिचारीचा चेहराच वाकडा व्हायचा.

आणखी एक गंमत सांगू? पूर्वी या तारा प्राण्यांच्या आतड्यापासून बनवत. ईऽऽ! आता बहुतेक नायलॉनच्या असतात, घाबरू नकोस.

तू म्हणशील, मग काकांना सांगू, अजून कडक करा! जाळी जितकी कडक, तितका स्मॅश जोरात. हो ना?

चूक! तुझ्यासाठी तर अगदी उलट!

धारच्या रस्त्यावर ढाब्यांबाहेर सुतळीच्या खाटा असतात बघ. खाटेवर उडी मारली, की ती खाली दबते आणि टुण्णकन तुला वर फेकते. पण तीच खाट खूप ताणून विणली तर? तुझं वजन कमी. ती दबणारच नाही! आणि दबलीच नाही, तर फेकेल कशी? एखादे धिप्पाड मामा धाडकन बसले, तर मात्र ती कडक खाटसुद्धा दबेल आणि मामांना उसळी देईल.

रॅकेटची जाळी अशीच वागते. शटल, म्हणजे आपलं फूल, पाच ग्रॅमचं. ते जाळीला टेकतं सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरतं. तेवढ्यात जाळी दबते, परत उसळते आणि फुलाला पळवते! हात अजून हळू फिरत असेल, तर कडक जाळी नीट दबत नाही. फूल मधोमध बसलं नाही, तर हाताला झिणझिण्या, आणि फूल पडतं नेटमध्ये. जाळी थोडी सैल असली, की मधली ‘चांगली जागा’ मोठी होते आणि फटका चुकला तरी सांभाळून घेते.

त्याच रस्त्याने पुढे, इंदूरपासून साठेक किलोमीटरवर धार. तिथला बॅडमिंटनपटू प्रियांशू राजावत २०२२ मध्ये थॉमस कप जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. २०२३ मध्ये त्याने फ्रान्सला जाऊन ऑर्लिन्स मास्टर्स स्पर्धा जिंकली! आपल्या शेजारचा गडी!

असे मोठे खेळाडू २८-३० पाउंड, कधी त्याहूनही कडक जाळी बांधतात. कारण कडक जाळी कमी हलते, फूल नेमकं हवं तिथे जातं. पण त्यांचे हात बघ ना! भारताच्याच सात्विकसाईराज रंकीरेड्डीचा २०२३ मध्ये मोजलेला स्मॅश होता ताशी ५६५ किलोमीटर! आपली वंदे भारतसुद्धा पार मागे पडेल.

तुझ्यासाठी २० ते २२ पाउंड झकास. हात तयार झाला, की एकेक पाउंड वाढव. मुठीच्या वर बारीक अक्षरांत रॅकेटची मर्यादाही छापलेली असते. ती ओलांडलीस, तर रॅकेट कडकन मोडू शकते.

आता एक प्रयोग. जाळीवर नखाने टिचकी मार आणि कान दे. कडक जाळी ‘टिंग’ करते, सैल जाळी ‘टुंग’! नव्या गटिंगचा आवाज नीट लक्षात ठेव आणि महिन्याने पुन्हा ऐक. आवाज खाली उतरलेला असेल! तारा आपोआप सैल पडत जातात, अगदी रॅकेट कपाटात ठेवली तरी. ऊन लागलं तर आणखी लवकर. तेव्हा मे महिन्यात रॅकेट बंद गाडीत मुळीच विसरू नकोस.

आणि एखादी तार तुटलीच, तर तशीच खेळत बसू नकोस हं. एका बाजूची ओढ गेली, की रॅकेट वाकडी होऊ शकते. लगेच आई-बाबांना सांग, उरलेल्या तारा मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला कापून टाकायला.