वर्षावासात ज्येष्ठांचे पाय थांबू नयेत

पावसाळा आला की वसई तालुक्याच्या पूर्वेकडील पारोळ, भाताणे अशा गावांत ज्येष्ठांचे फिरणे बंद होते. बांध निसरडे, रस्त्यावर चिखल. मुले काळजीने म्हणतात, "आई, आता घरीच बस." जन्मभर भाताची लावणी-कापणी केलेली, डोक्यावरून भारे वाहिलेली माणसे चार महिने खाटेवर बसून राहतात. यात माया आहे, पण नुकसानही आहे. उतारवयात वापर थांबला की पायांचे स्नायू लवकर झिजतात आणि तोल जातो. पडून खुब्याचे हाड मोडले, तर स्वतःच्या पायांवर हिंडणारा माणूस परावलंबी होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. मध्यम म्हणजे चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतकी. शिवाय किमान दोन दिवस स्नायूंचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम हवा. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालले तरी १५० मिनिटे भरतात. दहा-दहा मिनिटांचे तीन भाग केले तरी चालते.

आपल्याला हे परके नाही. अंगुत्तर निकायात तथागतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: प्रवास झेपतो, प्रयत्न झेपतात, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि समाधी दीर्घकाळ टिकते. चंक्रमणाला रस्ता लागत नाही. वीस-पंचवीस पावलांची सपाट जागा पुरते.

अशी छपराखालची जागा गावातच आहे: आपले विहार. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन ऐकायला ज्येष्ठ उपासक-उपासिका तेथे जमतातच. आमची सूचना एवढीच आहे की वाचनाआधी पंधरा मिनिटे सर्वांनी मिळून चालावे. आधी सावकाश, मग जरा झपाट्याने. नंतर खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे-बसावे, भिंतीला धरून टाचा उचलाव्यात, आळीपाळीने एका पायावर उभे राहावे. फरशी कोरडी असावी आणि एखादा तरुण जवळ थांबावा. छातीत दुखले, चक्कर आली किंवा दम लागला तर लगेच थांबून डॉक्टरांना दाखवावे. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह किंवा गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी आधीच डॉक्टरांना विचारावे.

आपल्याच सोपाऱ्यात १८८२ साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. शिकारीच्या सहली सोडून अशोकाने धम्मयात्रा सुरू केल्या आणि त्यांत वृद्धांची भेट घेऊन त्यांना धन दिले, असे हा लेख सांगतो. आपल्याकडे द्यायला सोने नसेल. संध्याकाळी शेजारच्या आजीचा हात धरून तिला विहारापर्यंत नेणे तर आपल्याला जमेल. या आषाढी पौर्णिमेपासून सुरुवात करूया.