निवृत्त विमानांची साठवण : जतन आणि विच्छेदन

सेवेतून निवृत्त झालेली विमाने ज्या तळांवर उभी केली जातात, त्यांना वृत्तपत्रांतून सर्रास 'विमानांचे स्मशान' असे संबोधले जाते. हे नाव आकर्षक असले तरी दिशाभूल करणारे आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टुसॉन शहरालगत असलेल्या डेव्हिस-मॉन्थन हवाई तळावरील साठवण-केंद्राच्या आधारे प्रस्तुत लेखात या नावाची तपासणी केली आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अतिरिक्त ठरलेली विमाने १९४६ पासून येथे ठेवण्यात येऊ लागली. स्थळाची निवड निसर्गाने सुचविलेली होती. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा ऱ्हास मुख्यत्वे ओलावा व क्षार यांमुळे होतो. टुसॉनची हवा कोरडी असून पाऊस अल्प पडतो. शिवाय तेथील चुनखडीयुक्त जमीन इतकी कठीण आहे की, अवजड विमानेही फरसबंदीशिवाय उभी करता येतात.

विमान तळावर आल्यावर प्रथम शस्त्रे आणि वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनातील स्फोटके काढून घेतली जातात. नंतर इंधन उपसून इंधनयंत्रणेत हलके तेल खेळवले जाते. त्याचा पातळ थर आतील भागांचे गंजण्यापासून रक्षण करतो. सर्व छिद्रे व फटी बंद करून वरच्या भागावर पांढरे लेपन फवारतात. वाळवंटातील उन्हात बंद विमानाची अक्षरशः भट्टी होऊ शकते; हे लेपन ऊन परावर्तित करून ती टाळते. पुढे काही विमानांचे सुटे भाग काढून अन्य विमानांना बसवले जातात, काही मित्रराष्ट्रांना विकली जातात, उरलेली भंगारात जातात.

परंतु येथील सर्वच विच्छेदन भंगारासाठी झालेले नाही. अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्यात १९९१ मध्ये झालेल्या 'स्टार्ट' या शस्त्रकपात करारान्वये ३६५ बी-५२ बॉम्बफेकी विमाने येथे नष्ट करण्यात आली. क्रेनने उंच उचलून सोडलेल्या सुमारे ५,९०० किलोग्रॅम वजनाच्या पोलादी पात्याने त्यांचे पंख व शेपटाचे भाग तोडले गेले. रशियाच्या उपग्रहांना पाहता यावेत म्हणून हे तुकडे ९० दिवस उघड्यावर तसेच ठेवले जात. विमान 'मृत' केव्हा मानावे, हा प्रश्न तेथे धातूच्या अवस्थेपुरता राहिला नव्हता. त्याचे उत्तर वाटाघाटींच्या मेजावर ठरले होते.

याच मैदानातून २०१५ मध्ये 'घोस्ट रायडर' नावाचे बी-५२ विमान सुमारे सात वर्षांच्या साठवणीनंतर उडवून सेवेत परत नेण्यात आले. २०१९ मध्ये 'वाइज गाय' हे दुसरे बी-५२ उडाले. तेही २००८ पासून येथे होते. ते सोडून जाताना वैमानिक-कक्षात एक चिठ्ठी ठेवण्यात आली होती. पुन्हा गरज पडेपर्यंत या विमानाची नीट काळजी घ्यावी, अशी विनंती तीत होती.