परसदारातून दीर्घिकांचे छायाचित्रण

रात्री आकाशाकडे पाहिले असता जे तारे नुसत्या डोळ्यांनी दिसतात, ते सर्व आपल्याच आकाशगंगेतील होत. आकाशगंगेच्या पलीकडे, लक्षावधी प्रकाशवर्षांच्या अंतरावर, तिच्यासारखेच अब्जावधी ताऱ्यांचे समूह पसरलेले आहेत. त्यांस दीर्घिका असे म्हणतात. यांपैकी देवयानी तारकासमूहातील दीर्घिका व दक्षिणेकडील दोन मॅगेलन मेघ एवढीच काय ती नुसत्या डोळ्यांस सहज दिसणारी. बाकीच्यांचे दर्शन दुर्बिणीतूनही फिकट धुरकट ठिपक्याएवढेच घडते. त्यांच्या सर्पिल भुजा, मधला उजळ गाभा आणि धुळीचे काळे पट्टे पाहावयाचे, तर छायाचित्राचाच आश्रय घ्यावा लागतो.

असे छायाचित्र मोठ्या वेधशाळेतूनच घेता येते, अशी पुष्कळांची समजूत असते. दिव्यांनी उजळलेल्या गावात राहणाऱ्या हौशी निरीक्षकास आपल्या परसदारातून अथवा गच्चीवरून ते घेता येईल काय, आणि येत असल्यास कोणत्या नियमांच्या आधारे, याचा विचार येथे करावयाचा आहे. उदाहरणासाठी आपण कावेरीकाठचे कुंभकोणम् हे गाव घेऊ. तंजावरच्या मराठी राजवटीपासून या भागात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. शिवाय दीर्घिकांच्या निरीक्षणास या गावाचे अक्षांश विशेष अनुकूल आहेत, हे पुढे दिसून येईल.

हौशी निरीक्षकांची परंपरा

दीर्घिकांच्या छायाचित्रणाचा आरंभच मुळी एका हौशी माणसाच्या हातून झाला. आयझॅक रॉबर्ट्स हा इंग्लंडमधील बांधकामाचा व्यावसायिक. लिव्हरपूलजवळील मॅगल येथे आपल्या घरी त्याने २० इंच व्यासाची परावर्ती दुर्बीण बसविली आणि १८८८ साली देवयानी दीर्घिकेचे असे छायाचित्र घेतले की, तिची सर्पिल रचना प्रथमच स्पष्टपणे दिसू लागली. तो ठिपका म्हणजे नव्याने घडत असलेली सूर्यमाला होय, असे रॉबर्ट्सला वाटले. १९२३ साली एडविन हबल याने तीत रूपविकारी तारे शोधून तिचे अंतर मोजले, तेव्हा ती आकाशगंगेबाहेरील स्वतंत्र दीर्घिका असल्याचे ठरले. आजच्या मोजमापाप्रमाणे हे अंतर सुमारे २५ लक्ष प्रकाशवर्षे आहे.

रॉबर्ट्सची दुर्बीण घडविणाऱ्या ग्रब यांच्याच कारखान्यातील २० इंची दुर्बीण कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत बसविली होती. १९१२ साली ही वेधशाळा बंद झाल्यावर ती दुर्बीण कोडाईकनाल येथे गेली. हौशी निरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यातच १९४४ साली स्थापन झाली. तात्पर्य, या विद्येची हौस आपल्याकडे नवी नाही. नवी आहेत ती साधने.

उजेडाचे गणित

गावातील दिव्यांचा उजेड वर जाऊन हवेतील रेणू, धूळ व बाष्प यांवरून विखुरतो आणि सारे आकाश किंचित उजळते. या उजेडाने दीर्घिकेचा प्रकाश नाहीसा होतो, असे म्हणणे बरोबर नाही. दीर्घिकेकडून निघालेले प्रकाशकण अंधाऱ्या रानात जेवढे पोहोचतात, जवळजवळ तेवढेच गावातही पोहोचतात. फरक इतकाच की, गावात त्यांच्याबरोबर दिव्यांचे पुष्कळ अधिक प्रकाशकण येऊन मिसळतात. म्हणून प्रश्न दिसण्याचा नसून वेगळे करण्याचा आहे.

उदाहरणार्थ असे समजा की, छायाचित्रकाच्या पटलावरील एका चित्रकणात आकाशाच्या उजेडामुळे दर मिनिटास सरासरी १०० प्रकाशकण नोंदले जातात आणि दीर्घिकेच्या फिकट भुजेकडून केवळ १ येतो. आकाशाचा वाटा नेमका १०० असता, तर तो वजा करून उरलेला १ हा दीर्घिकेचा, असे म्हणता आले असते. परंतु प्रकाशकण पावसाच्या थेंबांप्रमाणे अनियमितपणे येतात. सरासरी १०० असली की प्रत्यक्ष संख्येत सुमारे १० चा चढउतार होतो. कारण हा चढउतार सरासरी संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. १० च्या चढउतारात १ चा पत्ता लागणे शक्य नाही.

आता ९०० मिनिटे प्रकाश साठवू. आकाशाचे ९०,००० प्रकाशकण होतील व त्यांतील चढउतार ३०० होईल. दीर्घिकेचे मात्र ९०० होतील. म्हणजे जी भुजा एका मिनिटात चढउताराच्या दशांशाएवढी होती, ती आता त्याच्या तिप्पट झाली व चित्रात दिसू लागली. प्रकाश वेळेच्या प्रमाणात वाढतो आणि चढउतार वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, हेच या सर्व कलेचे रहस्य होय.

हेच गणित अंधाऱ्या जागेसाठी करू. तेथे आकाशाचा उजेड दशांश, म्हणजे मिनिटास १० प्रकाशकण असला, तर तोच परिणाम ९० मिनिटांत साधतो. आकाश दहापट उजळ असले की दहापट वेळ द्यावा लागतो. गावातील निरीक्षक उजेडाची किंमत वेळाने चुकवितो.

कुंभकोणम् येथील आकाश

कुंभकोणम् उत्तर अक्षांश ११ अंशांच्या अगदी जवळ आहे. ज्या ताऱ्यांची क्रांती उत्तर ११ अंशांच्या आसपास आहे, ते येथे बरोबर डोक्यावरून, खमध्यातून जातात. मघा नक्षत्राची योगतारा अशीच आहे. गुरू सिंह राशीत व पौर्णिमेचा चंद्र मघा नक्षत्रात असता येथील महामहम् तळ्यावर दर बारा वर्षांनी जो मोठा उत्सव भरतो, त्यामुळे हे नक्षत्र गावाच्या परिचयाचेच आहे. मागील महामहम् २०१६ साली झाले व पुढील २०२८ मध्ये यावयाचे आहे.

मघेची योगतारा खमध्यापासून एका अंशावरून पुढे सरकली की सुमारे दोन तास वीस मिनिटांनी त्याच जागी कन्या राशीतील दीर्घिकांचा समुच्चय येतो. यात हजाराहून अधिक दीर्घिका असून त्यांचे अंतर सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे आहे. ज्या कृष्णविवराच्या छायेचे चित्र शास्त्रज्ञांनी १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध केले, ते यांतीलच मेसिएच्या यादीतील ८७ व्या दीर्घिकेच्या गाभ्यात आहे.

खमध्याचे महत्त्व असे की, तेथे दृष्टीच्या मार्गात हवेचा थर सर्वांत पातळ असतो आणि गावाच्या उजेडाची झळही सर्वांत कमी असते. क्षितिजापासून ३० अंशांवर हाच थर दुप्पट जाड होतो. कन्या समुच्चय मार्चअखेर मध्यरात्रीच्या सुमारास डोक्यावर येतो. त्या दिवसांत तो सुमारे सहा तास ४५ अंशांहून वर राहतो. म्हणजे वर हिशेब केलेली ९०० मिनिटे अमावास्येजवळच्या तीन निरभ्र रात्रींत मिळू शकतात. पौर्णिमेच्या रात्री मात्र हे काम करू नये. चंद्राचा उजेड दिव्यांपेक्षा कमी अडथळा करीत नाही.

येथील ऋतूंचाही विचार केला पाहिजे. महाराष्ट्रात ऑक्टोबरच्या मध्यापासून आकाश निवळू लागते व देवयानी दीर्घिकेसाठी तो काळ उत्तम ठरतो. कुंभकोणम् येथे नेमक्या त्याच वेळी ईशान्य मोसमी पाऊस सुरू होऊन डिसेंबरपर्यंत राहतो. म्हणून येथील निरीक्षकाने देवयानीसाठी जानेवारीतील संध्याकाळ साधावी आणि मुख्य भर फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांवर द्यावा. याच काळात पहाटेकडे दक्षिणेस नरतुरंग तारकासमूहातील धुळीच्या रुंद पट्ट्याची दीर्घिका ३६ अंशांपर्यंत वर येते. मोठा मॅगेलन मेघ येथे क्षितिजापासून जेमतेम १० अंश वर चढतो. त्याची आशा समुद्रकाठी अथवा उघड्या शेतातूनच करावी.

साधने व त्यांची मांडणी

१५० ते २०० मिलिमीटर व्यासाची परावर्ती दुर्बीण या कामास पुरेशी आहे. खरा खर्च व खरी काळजी करावयाची ती बैठकीची. पृथ्वीच्या फिरण्यामुळे विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदास १५ विकला सरकतो; ८०० मिलिमीटर नाभ्यंतराच्या दुर्बिणीत तो एका सेकंदात सुमारे पंधरा चित्रकण ओलांडतो. म्हणून बैठकीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षास समांतर ठेवून यंत्राने तीस उलट दिशेने फिरवीत राहावे लागते. दुसरा लहान छायाचित्रक जवळच्या एखाद्या ताऱ्यावर लक्ष ठेवून बारीक चुका दुरुस्त करीत असतो.

येथे कुंभकोणम्‌चे कमी अक्षांश थोडे अडचणीचे ठरतात. ध्रुवतारा केवळ ११ अंश वर असल्यामुळे तो नारळीच्या झाडांआड अथवा शेजारच्या घराआड जातो, आणि बाजारातील काही बैठका इतक्या खाली झुकत नाहीत. अशा वेळी ध्रुवाकडे न पाहता, याम्योत्तर वृत्तावरील व पूर्वेकडील ताऱ्यांचे सरकणे पाहून अक्ष जुळवावा. ही रीत वेळखाऊ असली तरी खात्रीची आहे.

कावेरी व अरसलार यांच्यामधील या सखल प्रदेशात रात्री दव फार पडते. भिंगांभोवती विजेची मंद उष्णता देणारी पट्टी गुंडाळावी. छायाचित्रकाच्या पटलात उष्णतेमुळे प्रकाशावाचूनही इलेक्ट्रॉन सुटतात व साधारणतः दर ६ अंश सेल्सियसला त्यांचे प्रमाण दुप्पट होते. म्हणून उकाड्याच्या रात्री पटल थंड करण्याची सोय असलेला छायाचित्रक घेणे हिताचे असते.

दिव्यांचा उजेड गाळणाऱ्या काचांवर मात्र फार भिस्त ठेवू नये. जुन्या सोडियमच्या दिव्यांचा प्रकाश ठराविक रंगांतच एकवटलेला असल्यामुळे तो अडविता येत असे. २०१५ पासून देशभर बसविण्यात आलेल्या एलईडी दिव्यांचा पांढरा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला असतो, आणि ताऱ्यांनी बनलेल्या दीर्घिकेचा प्रकाशही तसाच असतो. एकास अडविले की दुसराही अडतो.

छायाचित्रांची बेरीज

९०० मिनिटांचे एकच छायाचित्र घ्यावयाचे नसते. तसे केल्यास आकाशाच्या उजेडाने सर्व चित्रकण भरून पांढरे होतील. दोन-तीन मिनिटांची शेकडो छायाचित्रे घेऊन संगणकावर ती ताऱ्यांच्या आधारे एकावर एक जुळवितात. एखाद्यात वाऱ्याने दुर्बीण हलली असेल, तर ते टाकून देता येते. विमानाची वा कृत्रिम उपग्रहाची रेघ एकाच चित्रात असल्यामुळे तुलनेने ओळखून वगळता येते.

बेरजेपूर्वी दोन शुद्धी कराव्या लागतात. दुर्बिणीचे तोंड झाकून तितक्याच वेळाची छायाचित्रे घेतली, म्हणजे उष्णतेने सुटलेल्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब मिळतो. तो वजा करावा. तसेच एकसारख्या उजळलेल्या पांढऱ्या पडद्याचे छायाचित्र घेऊन त्याने भागावे, म्हणजे काचेवरील धूळ व कडांचा अंधार यांचे दोष निघून जातात. आकाश जितके उजळ, तितकी ही दुसरी शुद्धी अधिक काटेकोर हवी. कारण १०० मधून १ शोधावयाचा असता एक टक्क्याचा दोषही दीर्घिकेएवढाच मोठा असतो.

या श्रमाचे फळ

कोणी विचारील की, मोठ्या दुर्बिणींनी याहून शतपट चांगली चित्रे घेतली असता हा खटाटोप कशासाठी? मोठ्या दुर्बिणी थोड्या आहेत आणि दीर्घिका असंख्य आहेत. कोणत्या दीर्घिकेत कोणत्या रात्री तारा फुटेल, हे सांगता येत नाही. अर्जेंटिनातील रोझारिओ या शहरात कुलपे दुरुस्त करणारे व्हिक्टर बुसो २० सप्टेंबर २०१६ रोजी घराच्या गच्चीवरील दुर्बिणीतून एका दीर्घिकेची लागोपाठ छायाचित्रे घेत होते. त्या छायाचित्रांतच एका अतिनवताऱ्याचा स्फोट उजळू लागल्याचा प्रारंभीचा क्षण टिपला गेला. शास्त्रज्ञांस तो क्षण हवा होता. तो मिळाला शहरातील गच्चीवर. मे २०२३ मध्ये सप्तर्षींजवळील एका दीर्घिकेतील अतिनवतारा प्रथम पाहिला तोही जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांनी.

तेव्हा गावात राहतो म्हणून आकाश आपल्यास मुकले, असे मानण्याचे कारण नाही. मात्र दहापट उजेडास दहापट वेळ लागतो, हा नियम उलटही वाचता येतो. दिव्यावर नीट टोपण बसवून त्याचा उजेड रस्त्यावरच पाडला, तर रस्ता तितकाच उजळतो, वीज वाचते आणि आकाशाचा उजेड जेवढ्या पटीने कमी होईल, तेवढ्याच पटीने गावातील प्रत्येक निरीक्षकाचा वेळ वाचतो. हे काम पंचांग पाहून अथवा ऋतूची वाट पाहून करावयाचे नाही. ते आपल्या अंगणातील दिव्यापासून आजच सुरू करता येईल.